एकादशीचं टोकन

पहाटे देवापुढे बसल्यावर सुलाबाईंनी तळहातावर पळीभर पाणी घेतलं, डोळे मिटले आणि मनात म्हणाल्या, आजचा माझा शब्द तुझ्याकडे. पाणी ताम्हनात सोडलं. आता दिवेलागणीपर्यंत बोलणं नाही, लिहून सांगणं नाही, मान हलवणं नाही, बोटाची खूणसुद्धा नाही. महिन्याच्या दोन्ही एकादश्यांना त्यांचं असं काष्ठमौन असे. नाशिकच्या सिडकोतल्या त्या घराला त्याची इतकी सवय झाली होती की घड्याळाची टिकटिक जशी कुणाला ऐकू येत नाही, तसं त्यांचं न बोलणंही कुणाच्या ध्यानात येत नसे.

मौन धरलं की जग थोडं लांब जाई. नदीच्या तळाशी बसावं, वरून पाणी संथ वाहत राहावं, काठावरच्या माणसांचे आवाज यावेत पण धार बोथट होऊन यावेत, तसं. मार्गशीर्षातलं धुकं खिडकीच्या गजांत अडकलं होतं. माहेरी, दिंडोरीकडे, असल्या धुक्यात द्राक्षाच्या मांडवाखालून येणाऱ्या माणसाचं डोकं दिसत नसे. पाय तेवढे चालत यायचे. भाऊ आला की वडील, हे पायांवरून ओळखायचं. सुलाबाई ते पाय बघत बसल्या.

"आई, रजिस्ट्रेशनचं साडेअकराचं टोकन आहे," धनराज मोजे चढवत म्हणाला. "पावणेअकराला निघू. आधार कार्ड मी घेतलंय. तू फक्त चष्मा घे."

तो थोरला. अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर. घरातही आवाज तसाच, यंत्रांच्या वर चढणारा. त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. मनाली, त्याची बायको, दाण्याचं कूट घेऊन ओट्याशी उभी होती. तिची नजर आधी सासूवर गेली, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

"अहो, आज एकादशी आहे."

"मग? साबुदाणा खाऊन निघू."

"आईंचं मौन आहे आज."

धनराजचा हात मोज्यावरच थांबला. "अरे देवा. नवनाथ, तूच सोमवार म्हणालास ना?"

धाकटा नवनाथ टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला. तो पुण्यात एका कंपनीत नव्या पोरांना ट्रेनिंग देतो; दिवसाचे आठ तास बोलण्याचाच पगार. "मी म्हणालो मला सोमवारची सुट्टी आहे. तिथी बघायचं खातं माझ्याकडे कधी होतं? तू दहावीच्या परीक्षेलासुद्धा भलत्याच शाळेत जाऊन बसला होतास."

"तीस वर्षं झाली त्याला."

"तरी आठवतंय ना सगळ्यांना."

"आता टोकन बदललं की गेले पंधरा दिवस," धनराज म्हणाला. "आणि सहीच तर करायचीय. सहीला कुठं बोलावं लागतं?"

सुलाबाईंना सोमवार सांगितला होता, तिथी कुणी सांगितली नव्हती. त्यांनीही ती जुळवून पाहिली नव्हती. कागद कसला, तर त्यांना एवढंच ठाऊक होतं की बँकेत, दवाखान्यात त्यांना स्वतः जावं लागू नये म्हणून मुलाला मुखत्यार नेमायचं. ते बरंच होतं. श्रावणात त्या नेहमीच्या भाजीबाजारातून घरी यायचा रस्ता विसरल्या. एका रिक्षावाल्याने पिशवीतल्या औषधाच्या चिठ्ठीवरचा नंबर लावून त्यांना घरी पोचवलं. डॉक्टर म्हणाले, ही सुरुवात आहे, हळूहळू जाईल. हळूहळू काय जाईल ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

त्या चष्मा घेऊन उठल्या.

मौनात बसलेल्या माणसासमोर लोक फार मोकळं बोलतात. गाडी उड्डाणपुलावर चढली आणि पुढच्या सीटवर दोघा भावांचं सुरू झालं. सुलाबाई मागे होत्या, शेजारी मनाली.

"विकायचा अधिकार घातलाय ना नीट?" नवनाथने विचारलं. "नाहीतर परत एक कागद."

"सगळं घातलंय. कुलमुखत्यारपत्रच आहे. शेजारची दोन्ही घरं त्या बिल्डरने घेतली, आपलं मधे एकटं उभं आहे. संक्रांतीच्या आत खाली करून देऊ म्हणालोय."

"आणि आई?"

"सहा महिने आमच्याकडे, गंगापूर रोडच्या नव्या फ्लॅटवर, सहा महिने तुझ्याकडे. बोललोय ना आपण."

"बोललोय," नवनाथ म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

सुलाबाईंच्या डोक्यावरून पाणी वाहत होतं. शब्द त्यात पानांसारखे तरंगत येत होते. घर. खाली करून. सहा महिने. त्यांच्या यजमानांनी, झुंबररावांनी, ते एका खोलीचं घर चार खोल्यांचं केलं होतं. पाळीवरून आले की स्वतः विटा भिजवायचे. शेवटची खोली झाली त्या दिवशी त्यांनी घर बायकोच्या नावावर केलं आणि म्हणाले, आता मला बाहेर काढायचं असेल तर तूच काढ. त्या गोष्टीला हसणारा माणूस गेल्याला नऊ वर्षं झाली होती.

त्यांनी मनालीकडे पाहिलं. मनालीने नजर दिली नाही. पदराची कड बोटाला गुंडाळत राहिली. तिला माहीत होतं तर. गेल्या महिन्यात ती फरशांचे तुकडे घरी आणून उन्हात धरून बघत होती, ते आता सुलाबाईंना उमगलं.

एका शब्दाने गाडी थांबली असती. तो शब्द त्यांच्यापाशी नव्हता.

नवनाथ पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. ऐकायचा, हसायचा, पण ओठांतून आवाज नाही. डॉक्टर झाले, मध-वेखंड झालं, लोकांचं बोलून झालं. एका एकादशीला सुलाबाई त्याला कडेवर घेऊन सुंदरनारायणाच्या पायऱ्या चढल्या आणि देवाला म्हणाल्या, याला बोलणं दे, माझं घे. सगळं घेतलंस तर घर कसं चालेल, म्हणून महिन्यातले दोन दिवस घे. दिवाळीच्या आत पोरगा न्हाणीच्या दारात उभा राहून म्हणाला, पाणी. त्याला एकोणचाळीस वर्षं झाली. हे झुंबररावांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. नवनाथलाही नाही. तो पुढे बसून भावाला सांगत होता की डावीकडून घे, इथं सिग्नल लांबतो, त्या ट्रकच्या मागे कशाला लागतोस; आणि सुलाबाई त्याचा आवाज ऐकत होत्या, जसं कुणी आपल्या हाताने लावलेल्या झाडाखाली बसावं.

निबंधक कार्यालयाच्या जिन्यात वकीलबाई उभ्या होत्या. कौसर नाव, जुन्या नाशकातल्या, चाळिशीच्या. कागद त्यांनी केला होता. पुढे येऊन त्यांनी सुलाबाईंचा हात धरला.

"काकू, मी शनिवारी घरी येणार होते. कागद वाचून दाखवायचा असतो, एकटीला. धनराजभाऊ म्हणाले, तुम्हाला सगळं माहितीये, थेट इकडंच या. माहितीये ना?"

सुलाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

"त्यांचं मौन आहे आज," मनाली म्हणाली. "एकादशी. खूण पण करत नाहीत."

कौसरबाईंनी कपाळाला हात लावला. "आणि आजचं टोकन घेतलंत? मला मौनातलं फार कळत नाही, पण रोजा कळतो. माझ्या सासूला रमजानमध्ये दुपारी कुणी जेवायच्या टेबलावर नेऊन बसवलं तर मी त्याला काय म्हणेन, ते जाऊ दे." मग धनराजकडे वळून, "आत साहेब विचारतात. राजीखुशीने देताय का, हे त्यांना तोंडाने सांगावं लागतं."

"मी सांगेन ना."

"तुम्ही कसं सांगाल? तुम्ही तर घेणारे."

तेवढ्यात भिंतीवरच्या पडद्यावर त्यांचा नंबर आला.

आत एक कॅमेरा, अंगठ्याचं एक यंत्र, आणि टेबलामागे थकलेल्या डोळ्यांचे साहेब. ओळख पटवणारे साक्षीदार म्हणून नवनाथ आणि मनाली बाजूला उभे राहिले. खिडकीतून ऊन तिरपं आत येत होतं, त्यात कागदांची धूळ सावकाश फिरत होती. सुलाबाईंना ते दृश्य फार सुंदर वाटलं. वाटलं, आपण इथं पूर्वी येऊन गेलोय, खूप पूर्वी, आणि हाच माणूस हेच विचारत होता.

"आजी, नाव सांगा तुमचं."

त्या गप्प.

"सुलाबाई झुंबर आहिरे," धनराज म्हणाला.

"तुम्ही नका सांगू. आजी?"

"साहेब, एकादशीचं मौन असतं आईचं. बोलत नाही."

"मग मान हलवू देत. तुम्ही मुलाला मुखत्यार नेमताय, कळतंय ना?"

"मानही नाही हलवत," नवनाथ हळूच म्हणाला. त्याला हसू येत होतं आणि येऊ नये असंही वाटत होतं.

साहेबांनी चष्मा काढला. "माझी अठरा वर्षं झाली या खुर्चीत. लग्न लागायच्या आधी कागद करायला आलेला नवरदेव बघितला. हे नव्हतं बघितलं. दुसऱ्या दिवशी या."

"दुसरा दिवस नाही साहेब," धनराज घाईने म्हणाला. "भाऊ पुण्याला जाणार. आणि तसंही आईला आता फारसं उमगत नाही. विसरते सगळं. मीच बघतो सगळं, विचारा कुणालाही."

कौसरबाई त्याच्या बाहीला हात लावायला पुढे झाल्या, पण उशीर झाला होता. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"उमगत नाही म्हणता?"

"म्हणजे तसं..."

"उमगत नसेल तर मला हा कागद घेताच येत नाही. ज्याला कळतं त्यानेच मुखत्यार नेमायचा असतो. नाही कळत, तर कोर्टात जा, पालक नेमून घ्या. मग घराचं काय करायचं ते पालक आणि कोर्ट बघतील, आजींना विचारायचा प्रश्नच नाही." त्यांनी कागद पुढे ओढला. "मी शेरा मारतो. देणाऱ्याला आकलन नाही."

पेन उचललं गेलं.

सुलाबाईंना नदीच्या तळाशी एकदम गार वाटलं. एवढं सोपं होतं तर. एक ओळ, आणि पुढे कुणी काही विचारणार नाही. साबुदाणा की वरीचे तांदूळ. या खोलीत की त्या खोलीत. त्यांनी खिडकीजवळच्या नवनाथकडे पाहिलं. त्याचे ओठ किंचित उघडे होते, पाचव्या वर्षी असायचे तसे, बोलण्याच्या काठावर येऊन थांबलेले. दिलेला शब्द परत मागितला तर देव काय परत मागेल? एकोणचाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता. विचारायची वेळच कुणी आणली नव्हती.

नारायणा, त्या मनात म्हणाल्या, जे काय घ्यायचं ते माझ्याकडून घे. पोराकडे बघू नको.

"नाव सुलाबाई झुंबर आहिरे," त्या म्हणाल्या.

आवाज घोगरा आला, दार बऱ्याच दिवसांनी उघडावं तसा. खोलीतली सगळी माणसं वळली. मनालीच्या हातातली पिशवी खाली पडली.

"आज सोमवार. मार्गशीर्ष शुद्ध एकादशी. म्हणून बोलत नव्हते, साहेब. मला कळत नाय म्हणून नाय."

साहेबांनी पेन टोपणात घातलं. "बोला आजी."

"मी विसरते, ते खरं हाय. कधी रस्ता विसरते, कधी गॅस. पण घर कुणाचं ते विसरले नाय. यात घर विकायचं लिहिलंय ना?"

"लिहिलंय."

"मला कुणी सांगितलं नव्हतं. आत्ता गाडीत ऐकलं. तेवढं मला द्यायचं नाय."

"आई, आपण घरी बोलू," धनराजचा चेहरा लाल झाला होता. "इथं चारचौघांत... माझ्यावर विश्वास नाही म्हण ना सरळ."

"तुझ्यावर लय विश्वास हाय, धना. मी पडले तर तू मला उचलशील. पण कुठं नेऊन ठेवू, हे तू विचारणार नाहीस."

धनराजने हातातलं आधार कार्ड खिशात घातलं.

"मग द्यायचं काय आहे तुम्हाला?" साहेबांनी विचारलं. घाई संपल्यासारखे ते खुर्चीत मागे टेकले होते.

"बँकेतली सही जमत नाय, हात हलतो. दवाखान्यात फॉर्म भरावे लागतात. लाइटबिल, घरपट्टी, असलं सगळं. ते आताही ही करते." त्यांनी मनालीकडे पाहिलं. "तिच्या नावाने करा."

"मला नको," मनाली पटकन म्हणाली. "आई, मला यांच्याबरोबर संसार करायचाय अजून. या दोघांच्या मधे मला नका घालू."

"वहिनी, मी काही म्हणणार नाही," नवनाथ पुटपुटला.

"तुम्ही परवा पुण्यात असाल भाऊजी. इथं मी असेन." ती सासूकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं की कशाचं हे तिलाही सांगता आलं नसतं. "आणि खोटं कशाला बोलू. मला तो फ्लॅट हवाय. सातव्या मजल्यावर आहे, गॅलरीतून धरणाकडची बाजू दिसते. मी पण उद्या म्हणेन तुम्हाला, घर विकू या म्हणून."

"म्हण की. माझ्या तोंडावर म्हण. मी नाय म्हणेन, मग परत म्हण. एवढंच पाहिजे मला."

मनालीने पिशवी उचलली, झटकली आणि तिचे बंद सरळ केले.

"बँक आणि दवाखाना," ती शेवटी म्हणाली. "बाकी काही नाही. आणि प्रत्येक कागद तुम्हाला वाचून दाखवेन, तुम्हाला झोप आली तरी."

कौसरबाईंनी आपल्या प्रतीवर रेघ मारली. "हा कागद गेला. विशेष मुखत्यारपत्र करते, तेवढ्याच कामांचं. गुरुवारी या, गुरुवारी कुठला उपास आहे ते आधी मला फोन करून सांगा." मग आवाज खाली आणून, "काकू, एक सांगून ठेवते, लपवत नाही. पुढे तुम्हाला खरंच काही कळेनासं झालं, तर हाही कागद चालणार नाही. तुम्हाला कळतंय तोवरचाच तो."

"चालेल, बाई. तोवरचं तर माझं राहील."

जिना उतरताना नवनाथने त्यांचा कोपर धरला होता. तो काही बोलला नाही. खाली गाडीशी आले, त्याने दार उघडलं, त्यांना बसवलं, पदर दारात अडकत नाही ना ते पाहिलं, तरी काही बोलला नाही. या वेळी तो पुढे न बसता मागे येऊन बसला, आईच्या बाजूला. मनाली पुढे गेली. गाडी निघाली. ट्रक आडवा आला, नवनाथ गप्प. सिग्नल लांबला, नवनाथ गप्प.

 सुलाबाईंनी तिरप्या नजरेने त्याच्याकडे पाहिलं. ओठ मिटलेले. बाहेर दुपारचं ऊन इतकं पांढरं होतं की दुकानं, माणसं, झाडं, सगळं त्यात विरघळल्यासारखं झालं होतं. त्या उन्हात त्यांना एक पाच वर्षांचं पोर दिसलं, न्हाणीच्या दारात उभं, उघड्या ओठांचं. नारायणा, माझ्याकडून म्हणाले होते मी. माझ्याकडून.

द्वारका चौक गेला.

"दादा," नवनाथ म्हणाला. आवाज फाटका होता, पण होता. "तू आईला सांगितलं नव्हतंस घराचं?"

"मला वाटलं तू सांगितलंस," धनराज समोर बघत म्हणाला. "तू म्हणाला होतास, मी बोलतो आईशी, मला जमतं बोलायला."

"मी म्हणालो होतो?"

"दिवाळीत."

"मला वाटलं तू थोरला, तूच सांगशील." तो थांबला, मग आईकडे वळला. "आई, मी दिवाळीपासून चार वेळा फोन हातात घेतला. दर वेळी तुला हवामान विचारलं आणि ठेवला. एवढं बोलतो मी दिवसभर, पोरांना शिकवतो कसं बोलायचं ते, आणि..."

पुढचं सुलाबाईंना नीट ऐकू आलं नाही. त्या शब्द ऐकतच नव्हत्या. त्या नुसता आवाज ऐकत होत्या, चढणारा, अडखळणारा, परत सुरू होणारा, पन्नास चुका कबूल करत येणारा तो आवाज. त्यांनी डोकं मागे टेकलं. पापण्यांच्या आत ऊन केशरी झालं होतं.

नवनाथ थांबला. "आई, ऐकतेस ना? की परत मौन?"

दिवेलागणीला अजून पाच तास होते.

"ऐकतेय," त्या म्हणाल्या. "थांबू नको. बोल."